लघवीचं कल्चर: गोळीच्या आधी डबी

लघवीला जळजळ सुरू झाली की मेडिकलमधून सेफिक्झिम ही अँटिबायोटिक गोळी आणायची आणि उतार पडला नाही तर मग कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून त्यांवर कोणतं औषध चालतं ते पाहायची तपासणी, हा उलटा क्रम आहे. एका डोसनेही जंतूंची वाढ दबू शकते. रिपोर्ट 'नो ग्रोथ' येतो, दुखणं तसंच राहतं. नमुना आधी द्या. थंडी वाजून ताप, उलट्या किंवा कंबरेत कळा असतील, तर नमुना घेऊन डॉक्टर लगेच औषध सुरू करतात, रिपोर्टसाठी थांबत नाहीत.

डबी लॅबमधलीच निर्जंतुक घ्या. हात धुवा, जागा पाण्याने पुढून मागे स्वच्छ करा. पहिली धार सोडा, मधली डबीत धरा. १५-२० मिली पुरे. झाकणाच्या आतून बोट लागू देऊ नका. कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) असेल तर पिशवीतली लघवी चालत नाही, नळीच्या पोर्टमधून नर्सने काढलेलीच हवी.

सगळ्यात जास्त घोळ पोचवण्यात होतो. ई. कोलाय या नेहमी सापडणाऱ्या जंतूला ऊब मिळाली की तो साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत राहिलेल्या डबीतल्या जंतूंचा आकडा काहीच सांगत नाही. दोन तासांत लॅब गाठा. जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि २४ तासांच्या आत द्या. तीन-चार प्रकारचे जंतू मिसळून आले तर बहुधा नमुना दूषित झालेला असतो. तो पुन्हा द्यायचा.

रिपोर्टमध्ये 'एस' म्हणजे औषध लागू पडेल, 'आर' म्हणजे नाही. शेजारचा एमआयसीचा (जंतूंची वाढ रोखणाऱ्या कमीत कमी औषधाचा) आकडा सगळ्यात लहान ते औषध सगळ्यात भारी, असं समजू नका. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते. नायट्रोफ्युरँटोइन 'एस' असलं तरी ते मूत्राशयापुरतंच. किडनीपर्यंत गेलेल्या संसर्गात ते पुरत नाही. 'ईएसबीएल' (अनेक अँटिबायोटिक निकामी करणारं जंतूचं एन्झाइम) लिहिलं असेल तर सेफिक्झिमचा नाद सोडा. आणि त्रास काहीच नसेल, तर नुसत्या पॉझिटिव्ह कल्चरवर सहसा औषध देत नाहीत. गरोदरपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया हे मुख्य अपवाद.

तालुक्यातल्या डॉक्टरांनी हेच रिपोर्ट वर्षभर साठवले, तर आपल्या भागात कोणतं औषध निकामी होत चाललंय ते दिसतं. डब्ल्यूएचओचं व्होनेट सॉफ्टवेअर त्यासाठी फुकट मिळतं. एका रुग्णाचा तोच जंतू वर्षात एकदाच मोजा, नाहीतर वारंवार आजारी पडणारेच आकडे फुगवतात. एका जंतूचे किमान ३० नमुने झाल्याशिवाय टक्केवारी काढू नका.