एक्सएक्सडीने आकड्यांची बायनरी फाइल करताना या चुका टाळा

विम या टेक्स्ट एडिटरसोबत येणारं एक्सएक्सडी हे कमांड-लाइन टूल बहुतेकांना फाइल हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) बघण्यापुरतंच माहीत असतं. 'एक्सएक्सडी -आर -पी' दिलं की ते उलटं चालतं: हेक्स मजकूर घेतं, बाइट लिहितं. पंचाईत ही की काही चुकलं तरी ते सहसा कुरकुरत नाही. (इथल्या कमांड आणि आकडे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर रोमनच टाइप करा.)

सर्वाधिक फसगत दशमान आकड्यांची होते. १० दिलेत तर फाइलमध्ये १६ जातं, कारण टूलच्या लेखी सगळं हेक्सच. शिवाय '-पी' असताना मधल्या स्पेस ते सरळ सोडून देतं. '५ १ २' लिहिलंत की ५ आणि १ जोडून ५१ हा एकच बाइट होतो आणि उरलेला २ गुपचूप गळतो. हवं होतं ०५ ०१ ०२. '-पी' विसरलात तर ओळीतला पहिला आकडा ऑफसेट (फाइलमधली जागा) समजला जातो. फाइल रिकामी किंवा भलतीच निघते.

म्हणून दशमान आकडे आधी प्रिंटएफ या शेल कमांडच्या '%०२एक्स'मधून (किमान दोन हेक्स अंक) काढायचे. तिथेही सांभाळा. ३००चं हेक्स १२सी, म्हणजे तीन अंक. तिथून पुढचं सगळं अर्ध्या बाइटने सरकतं. एकही आकडा २५५च्या वर (६५५३५पर्यंत) असेल तर सगळ्यांनाच '%०४एक्स' लावा. बॅश या शेलमध्ये (टर्मिनलवर कमांड चालवणारा प्रोग्राम) -१ दिलं तर सोळा एफ मिळतात, आठ बाइट! आणि सुरुवातीचं शून्य म्हणजे ऑक्टल (आठच्या पायाचा आकडा): ०१०चे बिनबोभाट ८ होतात, ०८वर एरर येते पण ०० छापलं जातंच. आधीची शून्यं काढूनच आकडे द्या.

दोन बाइटी आकड्यांत क्रम बघा. १००० म्हणजे ०३ ई८, पण लिटल-एंडियन (कमी किमतीचा बाइट आधी वाचणाऱ्या) प्रोग्रामला ई८ ०३ लागतं; तसाच दिला तर तो ५९३९५ वाचतो.

तयार बाइट शेल व्हेरिएबलमध्ये ठेवू नका. बॅश ०० टाकून देतं, शेवटचे ०ए (नव्या ओळीचे बाइट) सुद्धा. थेट '>' ने फाइलमध्ये लिहा. विंडोजच्या पॉवरशेल ५.१मध्ये मात्र '>'च घात करतं: यूटीएफ-१६ (मजकुराचं एन्कोडिंग) करून सुरुवातीला एफएफ एफई चिकटवतं. तिथे आउटपुट फाइलचं नाव एक्सएक्सडीलाच दुसरं आर्ग्युमेंट म्हणून द्या.

शेवटी 'डब्ल्यूसी -सी'ने बाइट मोजा. एकबाइटी शंभर आकड्यांचे ९९ आले तर कुठेतरी अंक गळलाय. नेमका कुठे ते 'ओडी -एएन -टीयू१' दाखवतं. मूळ यादीशेजारी ठेवून वाचा.