विद्यापीठात पहिल्यांदाच जर्मन शिकताय? या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात जर्मन शिकायला येणारी बरीच लेकरं जिल्हा परिषदेच्या शाळेतली असतात. ‘सर, शाळेत इंग्रजीच धड नव्हतं, जर्मन कसं जमणार?’ हे पहिल्याच आठवड्यात कानावर येतं. शाळेत जर्मन नव्हतं म्हणून कुणी मागे पडलेलं मी पाहिलेलं नाही. मागे पाडतात त्या सवयी.

नाम एकटं पाठ करणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मराठीसारखी जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत. नामाआधी लागणारं आर्टिकल त्यानुसार बदलतं: पुल्लिंगाला डेअर, स्त्रीलिंगाला डी, नपुंसकलिंगाला डास. जेवणाच्या टेबलावरचा चमचा डेअर, काटा डी आणि सुरी डास. इथे तर्क चालत नाही. अंबड तालुक्यातल्या एका हुशार मुलाने मोबाइलच्या अ‍ॅपवरून भराभर शब्द पाठ केले, पण नुसते शब्द. ‘आर्टिकल नंतर बघतो’ म्हणाला. पहिल्या सत्रात त्याच्याइतके शब्द वर्गात कुणाला येत नव्हते. मग विभक्ती आल्या. टेबल म्हणजे डेअर टिश, पण टेबलावर म्हणजे आउफ डेम टिश. डेअरचं डेम होतं, डीचं डेअर होतं. मूळ लिंगच ठाऊक नाही म्हटल्यावर प्रत्येक वाक्यात नुसता अंदाज. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने पहिल्या धड्यापासूनचे सगळे शब्द पुन्हा लिहून काढले, तेव्हा गाडी रुळावर आली.

मी तीन पेन वापरायला लावतो: निळा पुल्लिंगाला, लाल स्त्रीलिंगाला, हिरवा नपुंसकलिंगाला. शब्द आर्टिकल आणि अनेकवचनासकट मोठ्याने म्हणायचा. आर्टिकल नसलेला शब्द मी तपासतच नाही.

वाक्य आधी इंग्रजीत करणं

इंग्रजीत नामांना असं लिंग नाही. मराठी माध्यमाच्या पोरांना लिंग आणि विभक्ती दोन्ही घरचीच. ‘वाइल इश म्यूडे बिन’ म्हणजे ‘कारण मी दमलेला आहे’. क्रम तोच, क्रियापद शेवटी. इंग्रजीतून गेलात की ते मध्येच घुसतं. साध्या विधानात मात्र क्रियापद दुसऱ्या जागी येतं, तेवढी मराठीची सवय सोडा.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवणं

पहिले काही दिवस ठीक, मग बंद करा. ‘आधीच’ आणि ‘सुंदर’ यांचे जर्मन शब्द वेगळे, पण वहीत दोन्ही ‘शोन’ म्हणूनच उतरतात.

घाई

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यानंतर ‘तीन महिन्यांत बी-२’ (भाषेची वरची मध्यम पातळी) विचारणारे वाढले. नर्सिंगची मान्यता मिळवायला तिकडे साधारणपणे बी-२ लागते. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्याच अंदाजाने तिथवर पोचायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. रोज दोन केल्या तरी वर्ष जातं. तीन महिन्यांचं आश्वासन देणाऱ्याला फी देऊ नका.

गाइड रटणं

तोंडी परीक्षेत उपयोग शून्य.

चुकेल म्हणून वर्गात गप्प बसणं

बोला. चूक दुरुस्त करायलाच मी तिथे उभा असतो.

ऐकणं टाळणं

डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर संथ वाचलेल्या बातम्या फुकट आहेत. आधी मजकूर न बघता ऐका, मग मजकूर समोर ठेवून, मग निवेदकाच्या मागोमाग मोठ्याने म्हणा. एसटीत बसल्या बसल्या पहिल्या दोन पायऱ्या सहज होतात. तिसरी घरी करा.