राईची रोपं: बी वेचण्यापासून लागणीपर्यंत

कोल्हापूरच्या आंबा, गगनबावडा, दाजीपूरकडच्या उजाड उतारावर राई, म्हणजे झाडांचं दाट रान, परत उभी करायची तर रोपं त्याच डोंगरातल्या बियांची हवीत. गुलमोहर आणि सुबाभूळ फुकट मिळतात म्हणून लावली जातात. त्यापेक्षा जागा मोकळी राहिलेली बरी.

राधानगरी अभयारण्याच्या ३५१ चौरस किलोमीटर हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय बी उचलू नका. देवराईत आधी गावकऱ्यांना विचारा, बऱ्याच ठिकाणी पडलेली काडीही न उचलण्याचा रिवाज असतो. मालकीच्या रानात आणि बांधांवर मात्र भरपूर मिळतं. एका जातीचं बी किमान दहा झाडांखालचं घ्या, झाडं शंभर पावलं तरी एकमेकांपासून लांब असावीत. एकाच डेरेदार जांभळाखाली पोतं भरणं सोपं, पण मग सगळी रोपं भावंडं निघतात आणि एकच रोग सगळ्यांना लोळवतो. पडलेल्यातलं चौथ्या हिश्शापेक्षा जास्त उचलायचं नाही. बाकीचं पाखरांचं आणि वटवाघळांचं.

जांभूळ, कोकम, फणस यांचं बी वाळलं की मेलं. जूनमध्ये पिकलेली जांभळं पाटीत जाड वाळूबरोबर चोळा, गर धुऊन काढा, पाण्यावर तरंगणारं बी फेका, एक दिवस सावलीत निथळू द्या आणि आठवड्याच्या आत पेरा. बी आडवं ठेवून वर बोटाच्या पेराच्या निम्मी माती पुरते. एका बीतून दोन-तीन कोंब येतात. जोमदार एक ठेवून बाकीचे कात्रीने कापा. उपटायला गेलात तर गुंतलेल्या मुळांसकट चांगलाही येतो. डब्यात जपलेलं जांभळाचं बी दिवाळीत पेरून काही उगवत नाही.

कडक बियांची तऱ्हा उलटी. हिरड्याचा गर काढून आठळीचं जाड टोक सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) हलकेच कातरा, आतल्या गराला धक्का लागू देऊ नका, मग ३६ तास गार पाण्यात भिजत घाला. तरीही उगवण मागेपुढे होते, म्हणून लागतील त्याच्या तिप्पट बिया पेरा. बेहड्याला एक दिवस भिजवलेलं पुरतं. शिकेकाईसाठी पाणी उकळून चुलीवरून उतरवा, मग बी टाका आणि ते पाणी गार होईपर्यंत तसंच राहू द्या. उकळत ठेवलंत तर बी शिजतं. गारंबीच्या बीची कड डोळ्याच्या विरुद्ध बाजूला कानशीने घासा. पांढरा गर दिसला की थांबा, आणि बी फुगेपर्यंत भिजवा.

पिशवीत दोन पाट्या तांबडी माती, एक पाटी वाळू, एक पाटी कुजलेलं खत. साखर कारखान्याची मळी, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, इथं स्वस्तात मिळते, पण ताजी मळी कुजताना तापते आणि कोवळी मुळं भाजते. पूर्ण कुजून गार झालेलीच घ्या. नुसती काळी माती पावसाळ्यात पाणी धरते आणि रोपं बुडख्याशी कुजून कोलमडतात. पिशव्या जमिनीवर फार दिवस ठेवल्या की सोटमूळ खाली उतरतं, म्हणून महिन्याला एकदा जागा बदला.

लागणीआधी महिनाभर रोपं सावलीतून उन्हात आणा. दीड फुटी खड्डे मे महिन्यात काढा, दोन चांगले पाऊस झाले की लावा. तळाशी गुंडाळलेलं मूळ दिसलं तर तेवढं कापून टाका. गगनबावड्याच्या पावसात खड्ड्यात पाणी साचू नये म्हणून माती बुंध्याशी थोडी उंच चढवा. कोकमाची नर-मादी झाडं वेगळी असतात आणि फुलल्याशिवाय ओळखू येत नाहीत, तेव्हा एका जागी पाच-सहा लावा. नरक्याचं लाकूड कर्करोगावरच्या औषधासाठी चोरून तोडतात. तो कुठं लावला याचा बोभाटा नको.

मसाई पठारासारख्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, मात्र खड्डा काढूच नका. सीतेची आसवं, गेंद, तेरडा यांना उघडं ऊन आणि पातळ माती लागते, झाडांच्या सावलीत ती टिकत नाहीत. उतारावरच्या लागणीभोवतीचं गवत दिवाळीनंतर, वणव्याचे दिवस यायच्या आत, दहा फूट रुंद पट्ट्यात कापून बाहेर काढा. कापून तिथंच टाकलेलं गवत आधी पेटतं.