खानदेशातून मारधाडपटांच्या दिग्दर्शनाकडे: पहिली तयारी कशी करावी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमध्ये राहून मारधाडपटांचा दिग्दर्शक होण्याची इच्छा असेल, तर आधी एखाद्या मोठ्या दिग्दर्शकाची कारकीर्द बारकाईने अभ्यासावी. १९४६ साली चीनमधील ग्वांगझू येथे जन्मलेले मारधाडपटांचे दिग्दर्शक जॉन वू हाँगकाँगच्या गरीब वस्तीत वाढले, तिथले दिग्दर्शक चँग चेह यांच्या हाताखाली सहायक म्हणून काम शिकले आणि १९८६ मध्ये त्यांना मोठे यश मिळाले. उमेदवारीची अशी वर्षे वाया जातात असे कुणी समजू नये, कारण प्रसंगाची बांधणी तिथेच हातात बसते.

सराव मात्र आपल्याच शिवारात करावा. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत, मालकाची परवानगी घेऊन आणि घडांना धक्का न लावता, दोन मित्रांची झटापट मोबाइलवर चित्रित करावी. ठोसा मारणाऱ्याची मूठ समोरच्याच्या चेहऱ्यापासून वीतभर दूरच राहावी. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवला की ते अंतर पडद्यावर दिसत नाही, आणि समोरच्याने वेळेवर मान झटकली की ठोसा खरा वाटतो. दोघांना जोडणारी रेषा मनात आखून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवावा, नाहीतर कोण कुणावर धावून जातो आहे तेच प्रेक्षकाला कळत नाही. ठोशाचा आवाज संकलनाच्या वेळी जोडावा.

उंचावरची उडी, आग किंवा धावती गाडी यांच्या वाटेला जाणकार फाइट मास्टर सोबत नसताना मुळीच जाऊ नये. चैत्र-वैशाखात चित्रीकरण सकाळीच उरकावे. खानदेशातले दुपारचे ऊन धडधाकट माणसालाही घेरी आणते.