चाळीचा बिडाचा कठडा: रंगाऱ्याला बोलावण्याआधी

गिरगाव-दादरच्या जुन्या चाळींमधले गॅलरीचे कठडे आणि मागचे गोल जिने पुष्कळदा बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. नव्या ग्रिलसारखी ठोकाठोक त्यांना चालत नाही. म्हणून आधी ओळख.

बिडाच्या नक्षीत प्रत्येक फूल अगदी एकसारखं, कडा बोथट, आणि कडेला साच्याचे दोन भाग जिथे जुळले तिथली बारीक रेघ. घडीव लोखंडात वेलांची टोकं निमुळती होत जातात, सांध्यांना रिव्हेट किंवा पट्टी असते. तुटलेली कड दिसली तर शंकाच उरत नाही: बीड करडं आणि रवाळ, घडीव मात्र लाकडासारखं धाग्याधाग्यांनी सुटतं. बिडात कार्बन 2 ते 4 टक्के, त्यामुळे ते दाब उत्तम पेलतं पण वाकत नाही, थेट तडकतं. नजर तयार करायची असेल तर काळा घोड्याला जाऊन एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, रस्त्यावरूनच पाहा. त्याचे लोखंडी भाग 1860च्या दशकात इंग्लंडहून जहाजाने आले.

तडकलेल्या बिडाला साध्या रॉडने वेल्डिंग करू देऊ नका. टाका थंड होताना शेजारीच नवी चीर जाते. निकेलचा रॉड, आधी भाग तापवणं आणि सावकाश निववणं हे सगळं गॅलरीत उभ्याने होत नाही. दोन्ही बाजूंनी पट्टी धरून बोल्ट मारणं हाच शहाणपणा.

खरं दुखणं पायाशी असतं. कठड्याचे बार दगडात भोक पाडून, शिसं ओतून बसवलेले. तिथे पाणी शिरलं की गंज फुगतो आणि दगडाची कड उडते. त्याभोवती सिमेंटचा गोळा थापणं ही नेहमीची चूक: सिमेंट आकसतं, फट पडते, पाणी आतच कोंडतं. भोकाभोवतीची माती आणि सुटा गंज काढा, कोरडं करा, बाहेरच्या कामाचं लवचीक सीलंट भरून बाहेरच्या बाजूला उतार द्या.

जुन्या थरांखाली भगवट, शेंदरी थर निघाला तर तो शिशाचा शेंदूर असण्याची दाट शक्यता. तपकिरी रेड ऑक्साइड वेगळा. शिसं विषारी, म्हणून अशा रंगावर बर्नर किंवा कोरडा पॉलिश पेपर नको. ओलं करून खरवडा, पोपडे प्लास्टिकवर गोळा करा, पोरांना लांब ठेवा. चिकटून असलेला रंग उगाच उपटू नका.

त्यानंतर तारेचा ब्रश, मग गोड्या पाण्याने धुणं, कारण समुद्राच्या हवेतलं मीठ राहिलं तर नव्या रंगाखाली फोड येतात. फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, टर्पेंटाइनचा हात फिरवा आणि त्याच दुपारी झिंक फॉस्फेट प्रायमर लावा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर तोवर केशरी गंज चढलेला असतो. प्रायमरचे दोन हात, मधे रात्रभर विश्रांती, वर इनॅमलचे दोन हात. लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, प्रायमरनंतरच; रंगारी घाईत थेट लोखंडावर थापतात आणि पहिल्याच पावसाळ्यात ती सुटते.

काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, दव वाळल्यावर साधारण दहाला सुरू करून तीनपर्यंत आटपा. इमारत हेरिटेज यादीत असेल तर महापालिकेत आधी विचारा. नुसता रंग बदलायलासुद्धा.