ऑशकॉशच्या एअरशोला जायचंय? कोकणातून निघणाऱ्यांसाठी

मुलगा किंवा लेक-जावई शिकागो, मिलवॉकी त्या बाजूला असतील आणि तुम्ही जून-जुलैत त्यांच्याकडे राहायला जाणार असाल तर नायगारा वगैरे होईलच, पण आधी ऑशकॉशचा आठवडा राखून ठेवा. ईएए नावाच्या संस्थेचा हा विमानांचा मेळा, अधिकृत नाव ईएए एअरव्हेंचर, पण तिथे सगळे नुसतं ऑशकॉशच म्हणतात. विस्कॉन्सिन राज्यातलं छोटंसं शहर, तिथला विटमन रिजनल एअरपोर्ट, आणि जुलैच्या शेवटाकडचा एक आठवडा, सोमवार ते रविवार. 2026 ला 20 ते 26 जुलै आहे. सात दिवसांत सहा-सात लाख लोक आणि ऑशकॉश धरून आसपासच्या विमानतळांवर मिळून दहा हजारांवर विमानं येतात, त्या आठवड्यात तिथला कंट्रोल टॉवर जगातला सगळ्यात बिझी असतो.

आता तारखांचं. जुलै म्हणजे आपल्याकडे लावणीचे दिवस, त्यामुळे ज्यांची शेती स्वतःच्या हातात आहे त्यांनी घरी कोण बघणार हे आधी ठरवा, ऐन वेळी गडी मिळत नाहीत. आणि गणपतीक घराक येवक व्हयाच, त्याबद्दल चर्चाच नको. 2026 ला गणपती 14 सप्टेंबरला आहे म्हणजे ऑशकॉश करून, नातवंडांबरोबर महिनाभर राहून आरामात परत येता येतं, 2025 सारखं 27 ऑगस्टला आले असते तर जरा घाई झाली असती. व्हिसाचं मात्र आत्तापासून बघा, मुंबईला बायोमेट्रिक आणि इंटरव्ह्यू दोन्हीसाठी जावं लागतं आणि तारखा लांबच्या मिळतात, पावसाळ्यात जायचंय म्हणून शिमग्यानंतर फॉर्म भरायला घेतला तर हमखास लटकता. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच, बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या घ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी हँडबॅगेत ठेवा.

शिकागोच्या ओहेअर एअरपोर्टपासून ऑशकॉश पावणेतीनशे किलोमीटर, गाडीने तीन तास. मिलवॉकीहून दीड तास. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर उत्तम. राहायचं म्हणाल तर खुद्द ऑशकॉशमधली हॉटेलं लोक एक वर्ष आधीच बुक करून टाकतात, म्हणून ॲपलटन किंवा फॉन्ड डू लॅक बघा, दोन्ही साधारण तीस-पस्तीस किलोमीटरवर आहेत, नाहीतर ग्रीन बे. तिथल्या युनिव्हर्सिटीच्या होस्टेलच्या खोल्यासुद्धा त्या आठवड्यात भाड्याने देतात, साध्या असतात पण स्वच्छ, आणि गावातले लोक आपापली घरं पण देतात. जावई तंबूवाला असेल तर कॅम्प शॉलर म्हणून भलं मोठं मैदान आहे, त्यासाठी ईएएचं मेंबर व्हावं लागतं. मेंबर झालात तर तिकीट पण स्वस्त पडतं. तिकीट ऑनलाईन आधीच काढा, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट आहे त्यामुळे नातवंडांना घेऊन जायला मागेपुढे बघू नका.

एक दिवस पुरत नाही हे आधीच सांगतो. निदान दोन दिवस ठेवा आणि त्यातला एक बुधवार घ्या, कारण बुधवारी आणि शनिवारी रात्रीचा पण शो असतो, विमानांना दिवे आणि फटाके लावून अंधारात उडवतात. शनिवारी गर्दी जास्त, मधल्या वारांना जरा मोकळं असतं. तिथे जुलैत सूर्य मावळायला साडेआठ होतात म्हणून रात्रीचा शो उशिरा संपतो आणि पार्किंगमधून बाहेर पडायला आणखी वेळ लागतो, त्या दिवशी परत मिलवॉकी गाठायचा हट्ट करू नका, जवळ मुक्काम ठेवा.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे एवढं लिहायला घेतलं. आपल्याकडचे बरेच जण एअरशो म्हणजे आकाशात बघायची गोष्ट समजतात. 4 डिसेंबर 2023 ला तारकर्लीला नेव्ही डे झाला, तेव्हा आपण किनाऱ्यावर गर्दीत उभं राहून नौदलाची विमानं नि हेलिकॉप्टरं बघितली, छाती भरून आली, पण ती लांबूनच. ऑशकॉशला दुपारचा शो असतोच, बहुतेक दिवशी अडीचच्या सुमाराला सुरू होतो आणि अमेरिकन एअरफोर्सची लढाऊ विमानं कानठळ्या बसवतात, तो बघाच. पण फक्त तेवढ्यासाठी गेलात आणि दुपारी येऊन संध्याकाळी परत फिरलात तर ऑशकॉश हुकलं असं समजा. खरं ऑशकॉश जमिनीवर आहे, गवतावर ओळीने उभ्या असलेल्या हजारो छोट्या विमानांत आणि त्यांच्या पंखाखाली खुर्ची टाकून बसलेल्या माणसांत.

ईएए ही संस्था मुळात घरी विमान बांधणाऱ्यांची. पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 ला मिलवॉकीत सुरू केली, 1970 पासून हा मेळा ऑशकॉशला भरतो, कोविडमुळे 2020 ला रद्द झाला तेवढाच खंड. घरी म्हणजे खरंच घरी, गॅरेजमध्ये, पाच पाच दहा दहा वर्षं शनिवार-रविवार खपून. तिथल्या कायद्याप्रमाणे निम्म्यापेक्षा जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असेल तर ते विमान त्या वर्गात रजिस्टर होतं आणि कॉकपिटजवळ ‘एक्सपेरिमेंटल’ असं लिहावं लागतं. ओळखायची खूण हीच, ते अक्षर दिसलं की थांबा. बहुतेक वेळा बांधणारा तिथेच असतो. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला चारकोपच्या बिल्डिंगच्या गच्चीवर विमान बांधलं आणि 2016 ला ते बीकेसीत मेक इन इंडियाला ठेवलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने कौतुक केलं, तसली माणसं इथे रांगेने भेटतात.

बोलायचं कसं, तर इंग्लिश येत नाही म्हणून मागे राहू नका. जा, हसा, विमानाकडे बोट दाखवून “यू बिल्ट?” एवढं विचारा, पुढचं तोच बोलतो. एखाद्या पत्र्याच्या विमानाच्या पंखाजवळ खाली वाकून बघा, रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची रांग दोरी लावल्यासारखी सरळ जाते, डोकी पत्र्याच्या पातळीत इतकी बसवलेली की डोळे मिटून हात फिरवला तरी लागू नयेत, आणि अशा एका विमानात दहा हजारांच्या वर रिव्हेट असतात. एकेक रिव्हेटला बाहेरून गन आणि आतून लोखंडाचा ठोकळा धरावा लागतो, म्हणजे बऱ्याचदा दोन माणसं लागतात, त्यामुळे आतून ठोकळा कोणी धरला हे जरूर विचारा, बायको, मुलगी, शेजारी, कोणीतरी पुढे येतं आणि मग तोंडभर बोलणं होतं.

पण हात लावायच्या आधी विचारायचंच. हा तिथला सगळ्यात मोठा नियम समजा. पंखाला टेकून फोटो नाही, बेल्टचं बक्कल, कॅमेरा, पर्स, कशानेही ओरखडा जातो आणि कापडी विमान असेल तर बोट दाबलं तरी खराब होऊ शकतं. प्रोपेलरपासून लांब, बंद असला तरी. नातवंडांना हे घरीच समजावून न्या. विमानांच्या आसपास सिगरेट-विडी अजिबात नाही. ड्रोन नेऊ नका.

आयटीआय केलेली, गॅरेजवाली, होड्या बांधणारी मंडळी असतील तर त्यांनी वर्कशॉपचे तंबू चुकवू नका. तिथे पत्र्याला रिव्हेट मारणं, वेल्डिंग, पंखावर कापड चढवणं, फायबरचं काम हे सगळं स्वतः हाताने करायला देतात. मालवण-देवगडला फायबरच्या होड्या करणाऱ्या माणसाला तर तिथे परकं वाटणारच नाही, तेच काचेचं कापड, तोच ब्रश-रोलर, तेच हवेचे बुडबुडे काढत बसणं, फरक एवढाच की आपल्या होडीला बहुतेक पॉलिस्टर रेझिन असतं आणि विमानाला एपॉक्सी, आणि इथे वजनाचा हिशोब कडक, रेझिन जास्त झालं की विमान जड. आपल्याकडच्या कारागिराने हे एकदा बघावं असं मला मनापासून वाटतं, हात तेच आहेत, फक्त समोरची वस्तू उडते. जुने पार्ट, हत्यारं, रेडिओ विकणाऱ्यांचा फ्लाय मार्केट म्हणून एक भाग आहे, तो आंगणेवाडीच्या जत्रेतल्या दुकानांसारखा, एकदा आत शिरलात की दोन तास गेले. बॅगेचं वजन लक्षात ठेवून खरेदी करा.

पायपीट खूप आहे. फुकट ट्राम फिरतात, वयस्कर माणसांसाठी इलेक्ट्रिक स्कूटर भाड्याने मिळते, पण तरी चालायची तयारी ठेवा आणि बंद बूट घाला, सकाळी गवत दवाने ओलं असतं. ऊन आपल्याइतकं दमट नाही पण सावली कमी, टोपी, सनस्क्रीन, पाण्याची बाटली हवीच, बाटली भरायला जागोजागी सोय आहे. कानात घालायला बोळे घ्या, लहान मुलांना तर हेडफोनसारखे मोठे घ्या. पाऊस आला तर आपल्यासारखी दिवसभर झड नसते, वादळ येतं, विजा कडाडतात आणि तासाभरात मोकळं होतं, सूचना झाली की तंबूत किंवा विमानाच्या पंखाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत किंवा गाडीत जाऊन बसा. 2010 ला तर पावसाने मैदानाचा पार चिखल झाला होता आणि गाड्या-तंबू लावायला जागा उरली नव्हती. जाड रेनकोट घरून न्या, तो आपल्याइतका चांगला तिथे पटकन मिळत नाही, आणि रात्री गारवा असतो म्हणून एक स्वेटर.

जेवणाचं म्हणाल तर ब्रॅटवुर्स्ट नावाचं सॉसेज सगळीकडे, ते बहुतेक डुकराचं असतं, चालत नसेल तर विचारून घ्या. विस्कॉन्सिन चीजसाठी प्रसिद्ध, तळलेले चीज कर्ड मुलांना आवडतात. बाकी सुनेला किंवा लेकीला सांगून दशम्या, चटणी, चिवडा बांधून न्या. कोकमाचं आगळ नीट पॅक करून चेक-इन बॅगेत नेलं तर उन्हात सरबताला सोन्यासारखं, फक्त खायच्या वस्तू कस्टमवाल्यांपासून लपवू नका, आणि फळं तर नेऊच नका.

फोटोवाल्यांसाठी एक. प्रेक्षक मुख्य रनवेच्या पश्चिमेला बसतात, म्हणजे दुपारनंतर सूर्य पाठीशी आणि विमानांवर छान उजेड. सकाळी उलटं, तेव्हा उभ्या विमानांचे फोटो घ्या. गर्दीचा कंटाळा आला तर बसने सीप्लेन बेसला जा, विनेबागो तलावाच्या काठी, झाडांची गर्द सावली, आणि धक्क्याला होड्या बांधाव्या तशी पाण्यावर विमानं बांधलेली. आपल्या माणसाला तिथे सगळ्यात बरं वाटेल, दुपारचं जेवण तिथेच करा.

आणि विमानं उतरताना बघायची तर सोमवारच्या आधीचे शनिवार-रविवार. सगळी छोटी विमानं रिपन गावावरून येतात, रेल्वेच्या रुळांवर रुळांवर एकामागे एक, अर्ध्या मैलाचं अंतर, 90 नॉट वेग, 1800 फूट उंची. फिस्क नावाच्या खेड्यात टेकाडावर गुलाबी टीशर्ट घातलेले कंट्रोलर दुर्बीण लावून बसलेले असतात. पायलटने रेडिओवर एक शब्द बोलायचा नाही. कंट्रोलर नुसता रंग आणि आकार बघून सांगतो, पांढरं-निळं हाय विंग (म्हणजे पंख वरच्या बाजूला असलेलं), पंख हलव, आणि ते विमान पंख हलवतं, झालं, ओळख पटली, पुढे जा. रनवेवर मोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात, हिरवा, नारिंगी, आणि टॉवर म्हणतो तू हिरव्यावर टेक, मागच्याला सांगतो तू नारिंगीवर, एकाच रनवेवर पहिलं अजून पळतंय तोवर दुसरं टेकतं. शेजारचा टॅक्सीवे, म्हणजे विमानं रनवेपर्यंत ने-आण करायचा रस्ता, तोसुद्धा रनवे म्हणून वापरतात. रनवेच्या टोकाकडे खुर्ची टाकून बसा, सोबत विमानांचं बोलणं ऐकायचा छोटा एअरबँड रेडिओ असेल तर कानाला लावा, मग कोणाला काय सांगितलं आणि त्याने काय केलं हे समोर दिसतं.

ज्यांना व्हिसा, पैसे, लावणी, कशामुळेही जमणार नाही त्यांनी हा भाग घरून तरी अनुभवा. लाइव्हएटीसी या वेबसाइटवर फिस्कच्या कंट्रोलरचं रेडिओवरचं बोलणं ऐकता येतं आणि ईएएच्या चॅनेलवर लाइव्ह दाखवतात. आपण त्यांच्या साडेदहा तास पुढे, म्हणजे तिथे सकाळचे सात वाजले की आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. त्या शनिवार-रविवारी पावसात कुठे बाहेर पडणार तसंही, चहा ठेवा, मोबाईलला हेडफोन लावा आणि पोराबाळांना शेजारी बसवा. पहिला अर्धा तास नुसती बडबड वाटेल, मग हळूहळू कोणतं विमान, कोणता रनवे, कोणता ठिपका हे कळायला लागतं. दुपारचा शो मात्र आपल्याकडे रात्री एकला लागतो, तो सकाळी रेकॉर्डिंगवर बघा.