बागेसाठी हत्यारं घेताय? आधी आपली माती बघा

गॅलरीत दहा-बारा कुंड्या झाल्या की लगेच ऑनलाइन तो पाच-सहा वस्तूंचा रंगीत मुठींचा सेट मागवायची घाई होते, आणि माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं की थांबा, आधी आपण माती कुठली वापरतोय आणि रोज नेमकं काय काम करतोय ते बघा. कुंडीत कोकोपीट, गांडूळखत नि थोडी माती असं हलकं मिश्रण असेल तर तिथे जड हत्याराचं कामच नाही. पण बंगल्यामागे किंवा गावच्या घराच्या परड्यात काळी माती असेल, जी पावसात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळून दगड होते, तिथे त्या सेटमधलं पातळ पत्र्याचं फावडं पहिल्याच दिवशी वाकणार. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत तर वाकायच्याही आधी खणकन आवाज येतो.

बहुतेक घरांना खरं तर दोनच गोष्टी चांगल्या लागतात, एक खुरपं आणि एक छाटणीची कात्री. पैसे खर्च करायचे ते यांच्यावर करा, बाकीचं नंतर बघू.

खुरपं आठवडी बाजारात लोहाराकडे मिळतं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, पुण्यात असाल तर बोहरी आळीत चक्कर मारा. कुठूनही घ्या पण हातात धरून घ्या. सगळ्यात आधी पातं आणि मूठ जिथे जुळतात ती जागा बघायची, कारण खुरपं मोडतं ते तिथेच, पातं सहसा मोडत नाही. एका हातात मूठ, दुसऱ्या हातात पातं (धार सांभाळून) आणि जरा पिळून बघा, थोडं जरी हललं तरी खाली ठेवा. पात्याचं शेपूट लाकडी मुठीतून आरपार जाऊन मागच्या बाजूला वाकवलेलं असेल आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी घट्ट बसवलेली असेल तर ते वर्षानुवर्षं टिकतं. नुसतं शेपूट ठोकून आत बसवलेलं असेल तर एका पावसाळ्यात लाकूड फुगतं, मग सुकून आकसतं आणि पातं हातात येतं.

आता रुंदी. मोकळ्या वाफ्यात बसून निंदणी करायची तर रुंद, वाकडं पातं बरं पडतं, सपासप काम होतं. पण कुंडीसाठी इंच-दीड इंचाचं अरुंद, टोकदार पातं घ्या, रुंद पात्याने झाडाची मुळं तुटतात. आणि ज्यांच्याकडे लव्हाळ्याचं तण आहे (मला माहितीये तो काय त्रास असतो) त्यांनी तर अरुंदच घ्यावं, कारण लव्हाळा वरून कापला की खालची गाठ तशीच राहते आणि आठवड्यात परत हिरवा शेंडा वर, ती गाठ काढायला पातं बाजूने सरळ खोल घालून खालून उचलावं लागतं आणि रुंद पातं तेवढं खोल जातच नाही.

कात्रीचं मात्र नीट समजून घ्या. द्राक्षवाले जिला सिकेटर म्हणतात ती, आणि नाशिककडे कुणी द्राक्षबागायतदार ओळखीचा असेल तर त्यालाच विचारा, एप्रिलची खरड छाटणी नि ऑक्टोबरची गोडी छाटणी असं दरवर्षी दोनदा ते हत्यार त्यांच्या हातात असतं. दोन प्रकार येतात. एकात दोन पाती एकमेकांना घासून जातात, आपल्या शिवणाच्या कात्रीसारखी, आणि दुसऱ्यात एकच धारदार पातं खालच्या सपाट पट्टीवर येऊन दाबतं. गुलाब, जास्वंद, मोगरा अशी ओली फांदी कापायची तर पहिलाच प्रकार, दुसऱ्याने ओली फांदी चेंगरते, साल सोलते आणि तिथून फांदी वाळत खाली येते. सपाट पट्टीवाली वाळक्या काड्यांना चालेल.

दुकानात कात्री पूर्ण उघडून हातात धरा, चारही बोटं खालच्या दांडीवर आरामात पोचली पाहिजेत, ताणावी लागत असतील तर ती तुमच्यासाठी मोठी आहे, स्वस्त मिळतीये म्हणून घेऊ नका, दहा मिनिटांत मनगट भरून येतं. मग प्लॅस्टिकची पातळ पिशवी कापून बघा, टोकापर्यंत सरळ कापली गेली तर पाती नीट बसलीयेत, टोकाशी दुमडली तर नाहीत. दोन पाती नटबोल्टने जोडलेली घ्या, म्हणजे खोलून धार लावता येते, रिव्हेट मारलेली खोलता येत नाही. डावखुरे असाल तर दुकानदाराला तसं सांगा, बहुतेक कात्र्या उजव्या हाताच्याच असतात. आणि अंगठ्यापेक्षा जाड फांदीला कात्री लावूच नका, पाती फाकतात, त्याला छोटी वाकडी करवत घ्या, ओढताना कापणारी.

झारी घेताना ती भरल्यावर कशी होईल याचा विचार करा, दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, गच्चीवर एका हाताने ते फिरवायचंय. पाच लिटरची पुष्कळ झाली. तोंडाची जाळी काढता येणारी बघा, कचरा अडकतोच, आणि भोकं बारीक हवीत, नाहीतर मेथी-कोथिंबिरीचं बी एका कोपऱ्यात वाहून जातं.

परड्यात खड्डे खणायचे असतील तरच कुदळ-फावडं घ्या, नाहीतर शेजाऱ्याकडून आणा, वर्षातून दोनदा लागणारी वस्तू आहे ती. घेतलंच तर दांड्याच्या लाकडाच्या रेषा लांबीत सरळ जाताहेत का तेवढं बघा, आडव्या गेल्या किंवा मध्ये गाठ असली तर तिथेच तुटतो.

स्टेनलेस की साधं लोखंड? समुद्राजवळ राहत असाल तर खुरपं स्टेनलेसचं सोयीचं. बाकी ठिकाणी मला लोहाराने पाणी पाजलेलं (तापवून, पाण्यात बुडवून कडक केलेलं) साधं पातंच आवडतं, धार छान धरतं आणि घरी कानस मारून परत लावता येते. फक्त ते ओलं ठेवायचं नाही. माती पुसायची, खोबरेल किंवा मशीनचं तेल असेल ते एक थेंब चोळायचं, पावसाळ्यात तर प्रत्येक वेळी. कात्रीचं पातं एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, विशेषतः कागदी लिंबावर खैऱ्या (पानाफळांवर खरबरीत डाग पाडणारा रोग) दिसत असेल तेव्हा, आणि चाफा किंवा कण्हेर कापल्यावर तो चीक वाळायच्या आत, एकदा वाळला की पाती चिकटून बसतात.